'बेब' आणि 'बेबी' यांत गल्लत नको

प्रश्न असा आहे : "बेसबॉलपटू बेब रूथच्या नावातलं 'बेब' हे 'बेबी'चंच लघुरूप आहे का? आणि त्याला 'स्लगर' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं?"

आधी एक विनंती. त्याला 'बेबी रूथ' म्हणणं थांबवा. प्रश्नमंजूषेत, क्रीडालेखात, चांगल्या वाचत्या माणसांच्या तोंडी मी हे सतत ऐकतो आणि दर वेळी कळवळतो. 'बेबी रूथ' ही शेंगदाणे आणि कॅरमेल घातलेली अमेरिकन चॉकलेटची वडी आहे, माणूस नव्हे. तिच्याकडे पुढे येतोच.

'बेब' म्हणजे तान्हं मूल, हे सर्वांना ठाऊक आहे. देखण्या मुलीला 'बेब' म्हणतात तो अर्थ इथे गैरलागू आहे. खरी गंमत हे नाव चिकटलं कसं, यात आहे. जॉर्ज हर्मन रूथ १८९५ साली बाल्टिमोरमध्ये जन्मला. वडिलांचा दारूचा गुत्ता होता आणि पोरगा हाताबाहेर गेला, म्हणून सातव्या वर्षी त्याला सेंट मेरीज या सुधारशाळेत टाकलं. तिथे तो सदरे शिवायला शिकला आणि ब्रदर मथायस यांच्या हाताखाली बेसबॉल शिकला. (त्याला 'अनाथ' म्हणणारेही बरेच आहेत. तो शाळेत गेला तेव्हा आईवडील दोघेही हयात होते.) १९१४ साली बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा मालक जॅक डन याने त्याला उचललं. पण पोरगा एकोणीस वर्षांचा, आणि एकविसाव्या वर्षापर्यंत ताबा शाळेकडे. मग डनने त्याचं पालकत्व घेतलं. उत्तर कॅरोलिनातल्या फेएटव्हिल गावी सराव शिबिर होतं. सव्वासहा फुटांच्या आसपासचा हा धिप्पाड पोरगा मालकाच्या मागोमाग मैदानात आला, तेव्हा जुने खेळाडू म्हणाले, 'हा बघा जॅकचा नवा बाळ!' तिथून तो 'बेब'. म्हणजे मुळात हे लाडाचं नाव नाही, ते पालकत्वाच्या कागदावरून निघालेलं नाव आहे. त्याचा चेहरा गोल होता म्हणून 'बेब', असं सांगणारे हा कागदच विसरतात.

स्वतःचं वय त्यालाही नीट माहीत नव्हतं. आपण १८९४ साली जन्मलो असं तो समजत होता. १९३४ च्या जपान दौऱ्यासाठी पासपोर्ट काढताना जन्मदाखला पाहिला, तेव्हा कळलं की आपण वर्षाने लहान आहोत.

आता माझं आवडतं मत, आणि ते मी सोडणार नाही. 'बेब', इटालियन 'बांबिनो', आपले 'बाबा', 'बाबू', 'बाब्या', गोव्याकडचं 'बाब' : यांना एका मूळ शब्दाची लेकरं ठरवू नका. 'बेब' आपल्या 'बाळ'वरून गेला, असं छातीठोक सांगणारे हौशी व्युत्पत्तिकार आहेत. त्यांच्याकडे पुरावा शून्य. ओठ मिटून उघडले की निघणारा पहिला आवाज म्हणजे 'ब' आणि 'म'. तान्ह्या मुलांनी प्रत्येक भाषेत तो स्वतंत्रपणे काढला आणि मोठ्यांनी त्याचे शब्द केले. एकसारखं आहे ते पुढचं वळण : बाळाचा शब्द मोठ्या माणसाला चिकटतो आणि वजनदार होतो. गोव्यात 'बाब' म्हणजे लहान मुलगाही आणि आदरार्थी गृहस्थही. आपल्याकडे पासष्टीचे 'बाळासाहेब' गावचा कारभार हाकतात. न्यूयॉर्कमधल्या इटालियन लोकांनी रूथला 'बांबिनो' केलं, तेव्हा हेच झालं. त्या शब्दाच्या पोटात 'बांबो', म्हणजे खुळा, भाबडा, हा अर्थ आहे. मला विचाराल तर 'बेब'ला जवळचा मराठी शब्द 'बाब्या'. 'आपला तो बाब्या' मधला. सुधारशाळेने नाव टाकलेलं कार्टं डनच्या हाती पडलं आणि बाब्या झालं.

डनकडून हा बाब्या बॉस्टन रेड सॉक्स संघाकडे गेला, आणि बॉस्टनने तो १९१९ अखेर न्यूयॉर्क यांकीज या संघाला विकला. पुढच्याच मोसमात त्याने ५४ होमरन (एकाच फटक्यात चारही बेस, म्हणजे मैदानातले टप्पे, पुरे करणारे फटके) मारले; अमेरिकन लीग या त्यांच्या गटस्पर्धेतला दुसरा क्रमांक जॉर्ज सिस्लरचा, १९ होमरनांचा. बॉस्टन १९१८ नंतर थेट २००४ साली विजेता झाला, आणि त्या मधल्या काळाला लोक 'बांबिनोचा शाप' म्हणत राहिले.

आता ती वडी. शिकागोच्या कर्टिस कंपनीने ती १९२१ साली बाजारात आणली आणि नाव राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या रूथ या मुलीवरून ठेवलं, असं सांगितलं. ती मुलगी १९०४ सालीच घटसर्पाने वारली होती. सतरा वर्षांनी अचानक तिची आठवण, आणि तीही बेब रूथ ५४ होमरन मारून देशभर गाजत असताना? कोशकारांनी कंपनीचा हा दावा जसाच्या तसा उतरवून घेतला, हे मला पटत नाही. रूथने स्वतःच्या नावाची वडी काढली तर १९३१ साली न्यायालयाने त्याचीच नोंदणी नाकारली, कारण म्हणे ग्राहकांचा गोंधळ होईल! ज्याचं नाव, त्यालाच त्याची नोंदणी नाही.

'स्लगर' राहिला. 'स्लग' म्हणजे दणका देणं. क्रिकेटमधला 'स्लॉग' त्याचाच भाऊबंद. पण 'स्लगर' म्हणजे आडवीतिडवी बॅट फिरवणारा नव्हे. स्लगिंग मोजतात : प्रत्येक फटक्यावर गाठलेल्या बेसची बेरीज, भागिले फलंदाजीच्या ग्राह्य पाळ्या. रूथची कारकिर्दीतली सरासरी ०.६९०. २०२४ साली निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पूर्वीच्या वेगळ्या स्पर्धांचे, आकडे अधिकृत धरल्यावर त्या लीगमधला जॉश गिब्सन ०.७१८ ने पुढे गेला. तेव्हा 'घणाघाती फलंदाज' म्हणा. 'तडाखेबंद'ही चालेल. आणि त्याच्या ७१४ होमरनांना 'षटकार' लिहू नका. होमरनला बेसवर किती गडी आहेत त्यानुसार एक ते चार धावा मिळतात; सहा कधीच नाहीत.