एल४-एल५ ची (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकली आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनने पाय आणि कंबर दोन्ही दुखायचे थांबतील का?

पायाची कळ बहुधा थांबते, कंबरदुखीची मात्र खात्री देता येत नाही. या ऑपरेशनमध्ये २-३ सेंटिमीटरच्या छेदातून, स्नायू बाजूला सारून, नसेवर दाबणारा गादीचा तुकडा तेवढा काढतात. ही दबलेली नस (एल५) मोकळी झाली की पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत जाणारी कळ ओसरते. बधिरपणा जायला महिने लागू शकतात. झिजलेली गादी तिथेच राहते, आणि कंबर बरेचदा तिच्यामुळेच दुखते. घाई नको, बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत औषधे-व्यायामानेच आराम पडतो. पण लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, इस्पितळ गाठा.