सासूबाईंना डिमेन्शिया आहे. मी चिडते, मग रडते. काय करू?

आधी हे, तुम्ही वाईट सून नाही, थकलेल्या आहात. माझी आई संध्याकाळ झाली की ‘मला घरी सदाशिव पेठेत जायचंय’ म्हणून पिशवी भरायची. ‘अगं, कोथरूडचं हेच तुझं घर’ हे पटवण्यात मी वर्ष घालवलं. व्यर्थ! या आजारात संध्याकाळी गोंधळ बऱ्याचदा वाढतो, वाद घालून तो आणखी चिघळतो. पुढे मी ‘चहा घेऊन निघू’ म्हणायला लागले. चहा व्हायचा, पिशवी विसरली जायची.

नणंद-दीर ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात ना? मग सांगाच. रविवारी सकाळचे चार तास त्यांचे. तेवढ्यात तुम्ही तळजाईच्या टेकडीवर फिरायला जा, भाजी निवडत बसू नका. फारच भरून आलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीतही बोलता येतं. झोपच उडाली असेल तर मात्र स्वतःसाठी डॉक्टर गाठा.