जीव लावायची भीती

"मॅडम, सगळे पेढे मागतात, आणि मला पोरं आपली वाटतच नाहीत." नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आता इतक्यांदा ऐकलंय की त्यावर लिहायलाच हवं. जुळी बाळं, तीही कमी दिवसांची, दवाखान्यात काचेच्या पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली. आई टाके घेऊन घरी. भेटायला येणारा प्रत्येक जण बाळांचं वजन विचारतो आणि ती मनात एकच विचारत असते, "मला माया का येत नाही?"

त्यातल्या एकीचं तिच्या परवानगीने, ओळख बदलून सांगते. मानेवाड्याहून यायची. मे महिन्यात, एकतिसाव्या आठवड्यात प्रसूती झाली. थोरली १४२० ग्रॅमची, धाकटा ११८०. नवरा दिवसातून तीनदा भर उन्हात बर्फाच्या डब्यात दुधाच्या चिमुकल्या बाटल्या ठेवून दुचाकीवर दवाखान्यात पोचवायचा. घरात सासूबाईंचं एकच पालुपद, "जिना चढू नको म्हटलं होतं ना!"

पहिल्या भेटी त्या जिन्यातच गेल्या. मी सासूबाईंनाही बोलावून सांगितलं, की दोन बाळांनी गर्भाशय लवकर ताणलं जातं, जुळ्यांपैकी साधारण निम्मी सदतीस आठवड्यांच्या आतच येतात, जिन्याला बोल लावू नका. सासूबाई गप्प झाल्या. ही मात्र तशीच राहिली. अपराधीपणा माहितीने हलतो, पण उठून जात नाही, हे मला आता ठाऊक आहे.

चौथ्या भेटीत ती खाली बघत म्हणाली, "थोरलीला हात लावते मी. धाकट्याकडे बघतच नाही."

मी विचारलं, "काल त्याचं वजन किती होतं?"

"११६०." क्षणही गेला नाही. "आधी ११८०, मग ११४०, ११००, १०७०. तिथं दोन दिवस अडकलं होतं. मग १०९५, ११३०, काल ११६०."

"आणि थोरलीचं?"

तिने पर्समधून मोबाईल काढला. शोधायला लागली. शोधता शोधता बोट थांबलं.

मी काही बोलले नाही. कूलरचा आवाज तेवढा येत होता. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तो गेला तर काय करू, मॅडम? म्हणून मी आधीच सोडून ठेवलंय त्याला." आणि मग प्रसूतीनंतर पहिल्यांदा पोटभर रडली.

आई-मुलाच्या नात्याकडे बघूनच मी इतकी वर्षं काम करते, त्यामुळे लक्षणांची यादी करण्याआधी मी विचारते, की ही कुणापासून लांब राहतेय आणि का? तिची माया आटलेली नव्हती. ज्याला गमावण्याची भीती जास्त, त्याच्यापासूनच ती नजर चुकवत होती. ग्रॅम न् ग्रॅम मात्र पाठ होता. वजनाचा तो प्रश्न त्या दिवशी मला सुचला याचं आजही समाधान वाटतं.

मी तिला "प्रेम करा" असं सांगितलं नाही. ते सांगून होत नाही. डॉक्टरांची परवानगी घेऊन धाकट्याला छातीवर घ्या, एवढंच सांगितलं. उघड्या छातीवर बाळ उभं धरायचं, वरून कापड. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरत नव्हते, त्या अडचणीतून ही कांगारू पद्धत निघाली. आता जिथे सोय आहे तिथेही ती करायला सांगतात, कारण ऊब टिकते, दूध वाढायला मदत होते, आणि आईच्या अंगाला बाळाची ओळख पटते. बापांनीही घ्यावं. दूध पोचवणाऱ्या त्या नवऱ्याला "तुम्ही कसे आहात?" असं मी विचारलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

तुमचं बाळ पेटीत असेल तर आणखी दोन गोष्टी मनात धरा. पहिल्या दिवसांत वजन उतरतं, ते बहुधा भरून येतं. आणि वजन कमी असलेल्या अशा बाळांचे डोळे महिन्याच्या आत तपासून घ्यायलाच हवेत, घरी आल्याच्या आनंदात हे राहून जातं. तुमच्याबद्दल म्हणाल तर दोन आठवडे मन उभारीच धरत नसेल, बाळं झोपूनही झोप लागत नसेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर रात्रीही कुणीतरी बोलायला असतं.

परवा तान्ह्या पोळ्याला दोघांना घेऊन ती आली. थोरली लाकडी बैल ओढत दारातून चालत आली. धाकटा आईच्या कडेवर, बैलाचं शिंग तोंडात. शेजारच्या खुर्चीवरच्या एका बाई म्हणाल्या, "पंधरा महिन्यांचा ना? चालत नाही का अजून?"

"नाही ना जी, तेरा धरायचे," ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडातलं शिंग हळूच काढून घेतलं. "दोन महिने पेटीतले."