आईपप्पांचं ऐकू की मनाचं?

अगं, रविवारी शरणपूर रोडला चर्चबाहेर विचारलंस ना, लग्नाच्या बाबतीत आईपप्पांचं ऐकू की मनाचं, तेव्हा घाईत नीट बोलता नाही आलं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 24वा अध्याय वाच, अब्राहामाने सेवकाला पाठवून आपल्या मुलासाठी, इसहाकासाठी स्थळ शोधलं, बोलणी मोठ्यांनीच केली, पण 58व्या वचनात त्या मुलीला, रिबकेलाच विचारलं की या माणसाबरोबर जातेस का आणि ती जाते म्हणाली, तिचा होकार घेतलाच ना! आईवडिलांचा मान राखायचाच, ती देवाची आज्ञाच आहे, पण म्हणून मनातलं गिळून नाही बसायचं. माझ्या वेळी पप्पांनी चहा थंड होईपर्यंत माझं ऐकलं, मग एवढंच विचारलं, मुलगा प्रार्थना करतो का? पगार नंतर विचारला. तूही बोल पप्पांशी, भीती वाटली तर चर्चच्या पाळकसाहेबांना सोबत घे.