कंप्रेसरला ‘संपीडक’ म्हणावे का? आणि लिमिटर म्हणजे तोच का?

प्रश्न असा आला आहे : ध्वनियंत्रणेतल्या कंप्रेसरला मराठीत ‘संपीडक’ म्हणावे का? आणि नाशिकचे साउंडवाले कधी ‘कंप्रेसर टाकला’ म्हणतात, कधी ‘लिमिटर लावला’, ती एकाच वस्तूची दोन नावे का?

‘संपीडक’ घडण म्हणून बरोबर आहे, पण इथे नको. संपीडन म्हणजे दाबून आकारमान कमी करणे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या हवेच्या कंप्रेसरला ते शोभते. इथे दाबली जाते ती सिग्नलची पातळी, आणि तीही ठरलेल्या रेषेच्या वर गेली तेवढीच. साउंडवाल्यांचे ‘आवाज दाबणे’ हे क्रियापद यापेक्षा कितीतरी नेमके आहे. नाम कंप्रेसरच राहू द्यावे, मिक्सरवरही तेच छापलेले असते.

ती रेषा म्हणजे थ्रेशोल्ड. त्याला ‘उंबरठा’ हा शब्द चपखल बसतो. समजा उंबरठा उणे २० डेसिबलवर, म्हणजे यंत्राच्या कमाल पातळीच्या २० डेसिबल खाली आहे, गुणोत्तर ४:१ आहे आणि निवेदकाचा आवाज चढून उणे ८ वर गेला. म्हणजे उंबरठ्याच्या वर १२. त्याचे चौथाई ३ बाहेर पडतात, पातळी उणे १७ होते, ९ डेसिबल दाबले जातात. उंबरठ्याखालच्या आवाजाला हात लागत नाही.

म्हणून ‘कंप्रेसरने आवाज वाढतो’ हे बोलणे चूक. वाढवतो तो मेकअप गेन, म्हणजे दाबलेली पातळी भरून काढायला नंतर दिलेली वाढ. वरच्या उदाहरणात ते ९ डेसिबल भरून काढले, तर निवेदक गप्प असतानाही माइक ९ डेसिबलने जास्त उघडा राहतो. मग पंख्याची घरघर वर येते आणि माइक शिट्टी मारू लागतो. दोष माइकला दिला जातो! भाषणाला ३:१ आणि ४ ते ६ डेसिबल दाब बहुधा पुरतो.

अटॅकला ‘हल्ला’ म्हणणे हास्यास्पद आहे. उंबरठा ओलांडल्यावर दाब बसायला लागणारा वेळ तो अटॅक, आणि पातळी खाली आल्यावर दाब सुटायला लागणारा वेळ तो रिलीज. ‘धरण्याचा वेळ’ आणि ‘सोडण्याचा वेळ’ म्हटले की नवख्यालाही कळते. नाशिक ढोलावर हा फरक लगेच ऐकू येतो. अटॅक १ मिलिसेकंद ठेवला तर टिपरूचा ठोकाच चिरडतो आणि मागे नुसती घुमी उरते. २० ते ३० ठेवला तर ठोका निसटून जातो आणि दाब घुमीवर बसतो. सोडण्याचा वेळ फार कमी ठेवणेही वाईट. ५० हर्ट्झच्या एका लाटेला २० मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याहून तोकडा असला तर दाब लाटेच्या आतच वरखाली होतो, आणि खर्ज फाटतो.

लिमिटर हा त्याच घराण्यातला, पण काम वेगळे. गुणोत्तर १०:१, २०:१ किंवा थेट अनंत, धरण्याचा वेळ अगदी कमी, जागा साखळीच्या शेवटी, अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी. गुणोत्तर अनंत आणि उंबरठा उणे ६ असेल तर शून्यावर आलेला सिग्नलही उणे ६ वरच अडतो. कंप्रेसर आवाजाला वळण लावतो, लिमिटर दार अडवतो. म्हणून लिमिटर ‘लावला’ हेच बरोबर, आणि दोन्ही शब्द अदलाबदलीने वापरू नयेत.

लिमिटर लावूनही स्पीकर जळतात ते का, हेही अनेकांना कोडे असते. शिखरे अडवणारा लिमिटर सरासरी शक्ती अडवत नाही. मिक्सरवरून सतत जास्त पातळी ढकलली की शिखरे तिथेच राहतात, मधल्या दऱ्या भरतात, आणि व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरमधली तारेची गुंडाळी, तापत जाते. त्यासाठी सरासरी मोजणारा, सेकंदांच्या हिशेबाने धरणारा वेगळा लिमिटर लागतो.

मिक्सरवरचे डेसिबल आणि ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतले डेसिबल मात्र एक नव्हेत. २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ ची मर्यादा आहे. ती हवेतल्या ध्वनिदाबाची. लिमिटरवरचे उणे ६ हे यंत्राच्या कमाल पातळीपासून मोजलेले. तेवढे लावूनही भिंतीएवढे स्पीकर गल्लीत कितीही डेसिबल काढू शकतात.