पाण्याचा उशीर मोज

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वडिलांची डोंगरातली जमीन, तिथे कार्बन क्रेडिटसाठी, म्हणजे झाडांत साठणारा कार्बन विकून पैसे मिळवण्यासाठी, लागवड करू म्हणणारी आणि तुला नोकरी देऊ करणारी कंपनी, आणि त्या दोघांच्या मधे तू. जंगलामुळे पाणी टिकतं असं एका ठिकाणी वाचलंस, झाडंच पाणी पिऊन टाकतात असं दुसऱ्या ठिकाणी. पाणथळ जागा कार्बन धरून ठेवतात म्हणे, आणि त्याच मिथेन हा हवा तापवणारा वायूही सोडतात म्हणे. मग खरं काय, आणि बाबांना काय सांगू, असं विचारलंयस.

तू वाचलेलं सगळंच खरं आहे. घोळ आहे तो प्रश्नात. झाड चांगलं की वाईट, पाणथळ चांगली की वाईट, असं विचारत बसलीस तर जन्मभर गोंधळशील. कोकणात विचारायचं एवढंच, की इथे पडलेलं पाणी किती उशिरा समुद्राला मिळतं? झाडं मोजू नकोस. पाण्याचा उशीर मोज.

पावसाला आपण कधीच कमी नव्हतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा वर पडतो, आंबोलीत त्याच्या दुप्पट, आणि तरी वैशाखात वाडीवर टँकर येतो. जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत. नद्या आखूड, उतार खडा, समुद्र हाकेच्या अंतरावर. त्यात जांभा, आपला लाल भोकाभोकांचा दगड. तो पाणी धरत नाही, खाली सोडून देतो. खालच्या चिकण थराला टेकलं की ते आडवं सरकतं आणि सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळाच्या, कडेला झरा होऊन बाहेर पडतं. आपल्या कितीतरी वाड्या या झऱ्यांच्याच आधाराने वसल्या. म्हणजे निसर्गाने आपल्याला पाणी दिलंय ते घाईचं. त्या घाईला आवर घालणारं जे काही आहे, ते राखायचं. बाकी सगळं नंतर.

शाळेत सांगतात, जंगल म्हणजे स्पंज. मला ही उपमा कधीच पटली नाही. स्पंज स्वतः पाणी पीत नाही, झाड पितं, आणि भरपूर पितं. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून हवेत जातं. तेही वाया जात नाही म्हणा. पश्चिम घाटातल्या जंगलांची ही वाफ तामिळनाडूच्या पावसाला हातभार लावते, असा हिशेब आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडला. पण तुझ्या विहिरीपुरतं बोलायचं तर झाड पाण्याचा वाटा घेतं, हे मान्य कर. मग बघ की त्याच्या बदल्यात ते काय देतं. पाचोळा, वाळवीची आणि मुळांची बिळं, भुसभुशीत माती. आषाढातली सर या मातीत शिरते. उघड्या उतारावर तीच सर लाल पाणी होऊन पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, जाते. शेजारच्या उत्तर कन्नडमध्ये जगदीश कृष्णस्वामी, माइक बोनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैसर्गिक जंगल, ओरबाडलेलं जंगल आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड अशा तीन प्रकारच्या जागांवर पाणी मोजलं. मोठ्या सरीत सर्वांत जास्त पाणी घाईने वाहून गेलं ते ओरबाडलेल्या जंगलातून. जुन्या जंगलाने त्यातलं जास्त जमिनीत जिरवलं. झाड किती प्यायलं आणि जमिनीत किती मुरलं, या दोहोंची वजाबाकी करायची असते. ती करायला कोणी तयार नाही, कारण झाडं मोजणं सोपं असतं.

आमच्या खोऱ्यात वरच्या अंगाला मोठं रान होतं. ऐन, किंजळ, जांभूळ, हेळा, मधे रातांबे. खाजगी मालकीचं, जसं आपल्याकडचं बहुतेक रान असतं. ठेकेदाराने एकरकमी भाव दिला, मालकांची मुलं मुंबईत, रान एका मोसमात साफ झालं. त्यानंतर झऱ्याचं पाणी लवकर बसायला लागलं, हे वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. हंडा तिच्या डोक्यावर होता. ग्रामसभेत मी ते सांगितलं तेव्हा विचारलं गेलं, आधीचा आकडा आहे का? आकडा कोणाकडेच नव्हता. शेकडो वर्षं वाहणाऱ्या झऱ्याची नोंद कोण ठेवतो? पाऊस कमी झालाय, असं म्हणून विषय मिटवला गेला. तो दिवस मला अजून बोचतो. मी मोजण्याच्या मागे लागलो तो तेव्हापासून. लोक मला आडमुठा म्हणतात, वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला येत नाही म्हणून नावं ठेवतात. ठेवू देत. खड्डे किती खणले ते तिथे सांगतात, झरा किती महिने चालला ते कोणी सांगत नाही.

आणि ते खड्डे खणतात कुठे? सड्यावर! सडा म्हणजे पडीक, असा यांचा समज. श्रावणात जाऊन बघ. कातळाच्या खळग्यांत पाणी साचलेलं असतं, त्यात गेंद आणि सीतेची आसवं फुललेली असतात, बेडकांची पिल्लं असतात. ही काही महिन्यांची पाणथळच आहे. तिथून पाणी भेगांत उतरतं आणि खालच्या वाडीत झरा होतं. तिथे जेसीबीने कातळ फोडून झाडं लावली, तर कार्बनही फारसा साठत नाही आणि पाण्याची वाटही मोडते. तुझ्या बाबांच्या जमिनीत सड्याचा तुकडा आहे, तो तसाच ठेवायला सांग. यावर मी वाद घालणार नाही.

आता कार्बन. वाळक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ अर्धा कार्बन असतो, आणि एक टन कार्बन जळला की ३.७ टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होतो. तेव्हा असलेलं रान साफ करून नवी रोपं लावू म्हणणारी कंपनी पहिल्याच दिवशी कर्ज काढते, आणि ते फेडायला रोपांना कित्येक वर्षं लागतात. लाल पाण्याबरोबर जी माती खाडीत गेली, तिच्यातला कार्बन तर त्यांच्या कागदावर नसतोच. करारात लावलेल्या झाडांची संख्या आहे, असं तू लिहिलंस. उतारावर आज उभ्या असलेल्या रानाबद्दल त्यात काय लिहिलंय? ते आधी वाच, मग मला विचार.

पाणथळीबद्दल तू घाबरली आहेस ती मिथेनला. खाडीवर जा, ओहोटीला. खारफुटीतल्या तिवराच्या मुळांशी फावडं घाल. वर बोटभर तपकिरी थर, खाली काळाकुट्ट चिखल, कुजक्या अंड्यासारखा वास. त्या काळ्यात जुन्या मुळांचे धागे अजून ओळखू येतात. तिथे हवा पोचत नाही म्हणून कुजणं रेंगाळतं आणि कार्बन पडून राहतो. हिंद-प्रशांत पट्ट्यातल्या खारफुटींचा एक अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात हेक्टरी सरासरी एक हजार टनांच्या आसपास कार्बन निघाला, बहुतेक मातीतला. आपल्या खाड्या लहान, इथे तेवढा धरू नकोस. पण तो असतो कुठे ते कळलं ना? चिखलात. झाडं मोजून तो कसा दिसेल?

गोड्या पाण्याची पाणथळ मिथेन सोडते, हे खरं. खाऱ्या चिखलात मात्र समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट असतं, त्यावर जगणारे जीवाणू मिथेनवाल्यांना वरचढ ठरतात. तो कुबट वास त्यांचाच. म्हणून भरती-ओहोटी चालू असलेली खाडी मिथेन कमी सोडते. बांध घालून भरती तोडली आणि आत पावसाचं पाणी तुंबवलं की मिथेन वाढतो. तीच जागा सुकवली तर हवा आत शिरते, साठलेला कार्बन उडायला लागतो आणि चिखलातल्या गंधकाचं आम्ल होतं. चरांतल्या पाण्यावर तांबूस साय दिसते ती त्याचीच खूण. दोन्हीकडे बिघाड एकच, पाण्याची चाल माणसाने मोडली. खारफुटीला उच्च न्यायालयाच्या आदेशाचं संरक्षण आहे, तेव्हा त्यासाठी भांडणं तुलनेने सोपं. डोंगरातल्या खाजगी रानाला सगळीकडे तसं कवच नाही.

गोड्या पाणथळी मिथेनपायी बुजवायच्या का, हा तुझा प्रश्न वाचून मला राग आला, खरं सांगतो. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे गावाची देवराई आहे, ती बघून ये. जंगली जायफळाची झाडं पाण्यात उभी, मुळं वळून चिखलाच्या वर आलेली. गावाने देवाच्या नावाने राखलेली ती जागा. मिथेनचा हिशेब मांडायचाच असेल तर तिथल्या जमिनीत साठलेला कार्बन आणि तिथून खाली झिरपणारं पाणीही त्याच वहीत लिही.

बाबांना सांग, कंपनीला नाही म्हणायची गरज नाही, पण सही येत्या पावसाळ्यानंतरचा मे उलटल्यावर. त्यांना पैशांची निकड आहे, मला कळतं. तोवर उतारावरच्या रानातलं वाळलेलं लाकूड आणि रातांबे विकता येतील, उभं झाड नको. नोकरीचं तू ठरव. घेतलीस तर त्यांच्या तक्त्यात झऱ्याचा रकाना घालायचा हट्ट धर.

आणि काम आजपासून सुरू कर. दहा लिटरची बादली, घड्याळ, वही. झऱ्याच्या तोंडाला पन्हळ लाव, बादली भरायला किती सेकंद लागतात ते आठवड्यातून एकदा लिही, वार चुकवू नकोस. शेवटचा पाऊस कधी पडला तेही शेजारी लिही. खालच्या वाडीच्या विहिरीची पातळी दोरीला गाठ मारून घे. पहिल्या महिन्याचं पान मला पाठव.

तुझा,
काका