ब्लाउज-ड्रेस शिवता येतात, आता पडदे आणि सोफा कव्हर शिकायचे आहेत. खानदेशात प्रत्यक्ष शिकायला कुठे मिळेल?

ताई, तुम्ही लिहिलंय की शिरपूरला बरीच वर्षं ब्लाउज-ड्रेस शिवताय, आता पडदे, सोफा कव्हर, गाद्यांची कामं घ्यायची आहेत. पण आजूबाजूचे सगळे क्लास कपड्यांचेच आहेत, आणि या धंद्यातलं कुणी ओळखीचं नाही. मी भुसावळला हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिलाई तुम्हाला येते, आणि पडद्याची शिलाई तर सरळच असते. खरं काम आहे ते मशीनवर बसायच्या आधीचं माप आणि नंतरची टांगणी. ही दोन्ही शिडीवर चढल्याशिवाय येत नाहीत. म्हणून क्लास शोधण्याआधी फिटर शोधा. तुमच्या गावात किंवा धुळ्याला जे फर्निशिंगचं दुकान आहे, तिथे रॉड बसवायला जाणारा जो माणूस असतो, त्याच्याबरोबर काही घरांमध्ये जा. दुकानदाराला स्पष्ट सांगा की दिवाळीच्या आधीच्या गर्दीत तुमची शिलाईची कामं मी करून देते, मला माप घ्यायला सोबत पाठवा. त्या दिवसांत त्यांना हात कमी पडतात, सहसा कुणी नाही म्हणत नाही.

तिथे काय बघायचं ते सांगते. माप कापडी टेपने घेऊ नका, ती ताणली जाते. स्टीलची टेप घ्या. उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी मोजा, कारण आपल्याकडच्या जुन्या घरांत फरशी सरळ असेलच असं नाही. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त आणि चौकटीच्या तेवढाच वर घेतला की पडदा उघडल्यावर उजेड अडत नाही. एसी, स्विचबोर्ड, सोफ्याची पाठ हे सगळं वहीत काढून घ्या.

मग कापडाचा हिशेब. रिंगच्या पडद्याला रॉडच्या रुंदीच्या दुप्पट घेर, प्लेटच्या (शिवलेल्या चुण्यांच्या) पडद्याला अडीचपट, जाळीच्या कापडाला तीनपटीपर्यंत. रिंगा पडद्याच्या प्रत्येक भागात सम संख्येतच लावायच्या, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. मखमल असेल तर सगळे भाग एकाच दिशेने कापा. लव उलटी गेली की शेजारी-शेजारी दोन वेगळे रंग दिसतात.

छापील कापडात तर सगळा नफा-तोटा कापण्याआधीच ठरतो. समजा तयार पडदा ८४ इंच हवा. वर ६ इंच, खाली दुमडीला ८ इंच धरले तर ९८. डिझाइन दर २४ इंचांनी परत येत असेल, तर चार डिझाइनचे ९६ पुरत नाहीत, प्रत्येक भागाला पाच डिझाइन, म्हणजे १२० इंच कापावं लागतं. चार भागांना सव्वाबारा मीटरच्या आसपास कापड जातं. खालची दुमड ६ इंच घेतली तर बरोबर ९६ होतात, चार डिझाइनमध्ये बसतं, आणि तेच काम पावणेदहा मीटरमध्ये होतं. दुमड दोन इंच कमी घेतल्याने जवळपास अडीच मीटर कापड वाचलं! हे कुणीतरी टेबलावर कापड पसरून दाखवावं लागतं. ज्या कारागिराकडे शिकायला जाल, त्याला पहिल्या दिवशी हेच विचारा.

आपल्या उन्हाचंही वेगळं शिक्षण आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पश्चिमेच्या खिडकीतला सुती पडदा काही उन्हाळ्यांत विरतो. म्हणून अस्तर लावायला शिकाच. अस्तर मुख्य कापडापेक्षा इंचभर आखूड ठेवा आणि खालून मोकळं सोडा, कारण धुतल्यावर दोन्ही कापडं सारखी आटत नाहीत. मी गिऱ्हाइकाला आधीच सांगते की ऊन अस्तर खाईल, चार-पाच वर्षांनी तेवढंच बदलू. रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांच्या बंगल्यांत मोठ्या खिडक्या असतात, तिथे हे बोलणं फार उपयोगी पडतं.

सोफ्याचं काम पडद्यांनंतर घ्या. उरेबी (तिरकी कापलेली) पट्टी आणि मगजी (कडेला दोरी घालून केलेली गोट) तुम्हाला ब्लाउजमुळे येत असेलच, फक्त इथे दोरी जाड असते आणि मशीनला वेगळा पाय लागतो. कुशनचं कव्हर फोमपेक्षा अर्धा इंच लहान शिवा, म्हणजे ताठ बसतं. सुती कापड असेल तर कापण्याआधी भिजवून घ्या.

सरकारी बाजू थोडक्यात. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा कोर्स आहे. जिल्ह्याच्या लीड बँकेच्या आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, राहण्या-जेवणासकट मोफत प्रशिक्षण मिळतं. दोन्हीकडे भर कपड्यांवरच असतो, तुमचा हात बसलेला आहे, तेव्हा प्रमाणपत्र हवं असेल तरच जा. पीएम विश्वकर्मा योजना मात्र बघाच. ती सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज. घरातल्या एकालाच मिळतं. अर्ज सेवा केंद्रातून भरता येतो.

आता ओळखी. तुमच्या कामाचे लोक म्हणजे फिटर, सुतार, कापडवाला आणि तुमच्यासारखंच काम करणाऱ्या बायका. या शेवटच्यांना स्पर्धक समजू नका, हे मी अगदी मनापासून सांगते. भुसावळ-जळगावच्या आम्ही काही जणी एकमेकींना जास्तीचं काम देतो, रिंगांसाठी भोकं पाडायचा पंच उसना देतो, कापड आणायला सुरतेला एकत्र जातो. सुरत-भुसावळ रेल्वेच्या तापी लाइनवर नंदुरबार, अमळनेर, भुसावळ सगळीकडून थेट गाडी आहे, आणि कापडाचा पूर्ण तागा वाटून घेतला की दर खाली येतो. मुंबईला एचजीएच इंडिया नावाचं घरगुती कापडाचं व्यापारी प्रदर्शन भरतं, तिथेही गटाने गेलं तर परवडतं. सुतारांना आपलं काम दाखवत राहा. नवीन घरात पडदेवाल्याच्या आधी तोच पोचतो.

मोठं मशीन लगेच घेऊ नका. पडद्यांना साधं ज्यूकी, म्हणजे मोटरवरचं सरळ शिलाईचं मशीन, पुरतं. रेक्झिनची कामं नियमित यायला लागली की मगच भारी मशीनचं बघा, आणि तेही कुणाकडे तरी चालवून पाहिल्यावर.